आधी चेसिस, मग गोष्ट

फोर्डचे फोटो नीट पाहिले. मालक म्हणतात गाडी १९२८ची, आरसी बुकात १९४९ आहे, आणि मला चाकं १९३०नंतरची वाटतात. तू विचारतेस, यातलं खरं काय. भाचीबाई, हा प्रश्न जरा थांबून विचारायचा असतो. आधी बघायचं, की प्रत्येक जण कुठल्या सालाबद्दल बोलतोय. जुन्या गाडीला एकच साल नसतं. कारखान्यातून बाहेर पडली ते एक, कंपनीने तिला ज्या सालचं मॉडेल म्हटलं ते दुसरं, गिऱ्हाइकाच्या हातात गेली ते तिसरं आणि सरकारदरबारी नोंद झाली ते चौथं. चारही सालं वेगळी असू शकतात आणि चारही खरी असू शकतात. माझ्या उस्तादांनी गॅरेजात मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच. शनिवारी तू गाडी बघायला जाणार आहेस, म्हणून त्यांच्याकडून मिळालेलं आणि पुढे माझ्या हाताला कळलेलं सगळं तुला सांगून ठेवतो.

मॉडेलचं साल हा मूळचा अमेरिकन कारभार. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी १९२०च्या दशकात दरवर्षी गाडीचं रूप बदलायची रीत बसवली, आणि नवं रूप बाजारात यायचं ते कॅलेंडर बदलायच्या आधीच. १९३५ साली तर न्यूयॉर्कचं मोटार प्रदर्शनच जानेवारीतून नोव्हेंबरात आणलं. कारखान्यांतलं काम वर्षभर सारखं वाटलं जावं, हिवाळ्यात कामगारांना घरी बसावं लागू नये, हा अध्यक्ष रूझवेल्ट यांचा आग्रह होता. तेव्हा १९३५च्या डिसेंबरात तयार झालेली शेवरले १९३६चंच मॉडेल. तुझ्या फोर्डच्या जातीचं, म्हणजे मॉडेल एचंही तसंच आहे. मॉडेल एचा पहिला इंजिन नंबर ठोकला गेला २० ऑक्टोबर १९२७ला, गाडी लोकांना दाखवली २ डिसेंबर १९२७ला, पण पहिलं मॉडेल धरतात ते १९२८चं. मस्टँगची गोष्ट याहून गमतीची. ती बाजारात आली १७ एप्रिल १९६४ला, म्हणजे वर्षाच्या अधेमधे, आणि फोर्डने पहिल्या दिवसापासून तिच्यावर १९६५च्या मॉडेलचा नंबर टाकला. नंबराची सुरुवातच ५ने होते. पहिल्या काही महिन्यांतल्या त्या गाड्यांना शौकीन मंडळी 'साडेचौसष्ट' म्हणतात आणि ओळखतात बॉनेट उघडून, कारण त्यांत अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असतो. कागदावर मात्र साडेचौसष्ट असं साल कुठेच नाही.

इंग्लिश गाड्यांना हे जसंच्या तसं लावू नकोस. महायुद्धाआधीच्या रोल्स-रॉइसला अमेरिकन पद्धतीचं मॉडेल-साल नव्हतंच. कंपनी चेसिस आणि इंजिन तयार करून द्यायची. बॉडी हूपर, बार्कर अशा बॉडी बांधणाऱ्यांकडे, गिऱ्हाइकाच्या पसंतीने व्हायची. त्यात महिने जायचे. पुढे एखाद्या राजेसाहेबांना जुनी बॉडी आवडेनाशी झाली, तर त्याच चेसिसवर नवी चढायची. अशा गाडीला चेसिसचं साल लावतात, बॉडीचं वेगळं लिहितात. ही दोन सालं एकत्र करून मधलं काही तरी काढणारे लोक मी पाहिलेत. ते चूक आहे.

आता आरसी बुकातलं १९४९. ते पाहून तू हिरमुसलीस, पण मला ते साल फार बोलकं वाटलं. गाडी संस्थानातल्या घरातली आहे हे आठव. दक्षिण महाराष्ट्रातली सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर ही संस्थानं मार्च १९४८मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ला, बडोदा १ मे १९४९ला. तोवर संस्थानांतल्या गाड्यांवर संस्थानांच्या पाट्या असायच्या. विलीनीकरणानंतर त्या गाड्यांना नव्याने मुंबईची नोंदणी घ्यावी लागली, आणि पुढे पुस्तकावरून पुस्तक उतरवताना हीच तारीख 'पहिली नोंदणी' म्हणून पक्की होऊन बसते. तीसच्या दशकातल्या गाडीच्या पुस्तकात १९४८, ४९ किंवा ५० दिसलं, तर गाडी त्या सालची असं समजू नकोस. त्या साली ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आली, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो. गोव्यातल्या गाड्यांचंही असंच. १९ डिसेंबर १९६१पर्यंत तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता, त्यामुळे त्याआधी आलेल्या गाडीच्या भारतीय कागदांवर १९६२ किंवा त्यानंतरचं साल सापडलं तर नवल नको.

पाटीचं अक्षर पुस्तकाला जोडून वाचायचं. बीएमने सुरू होणारी पाटी जुन्या मुंबई राज्याची, एमआरची महाराष्ट्र झाल्यानंतरची, आणि आजच्या पद्धतीची एमएच आली ती १९८८चा मोटार वाहन कायदा १९८९मध्ये लागू झाल्यावर. पाटी गाडीचं साल सांगत नाही, गाडी त्या तारखेला या भागात होती एवढं सांगते. पण तेही कामाचं आहे.

ते कामाचं का, ते ऐक. उस्ताद म्हणायचे, सालाला दोन टोकं असतात. एक टोक 'याच्या आधीची नाही', दुसरं टोक 'याच्या नंतरची नाही'. गाडीतले मूळचे भाग पहिलं टोक देतात. मूळचा म्हणून खात्री पटलेल्या भागांपैकी सगळ्यात उशिरा बनलेला जो असेल, त्याच्या आधी ती गाडी कारखान्याबाहेर पडलीच नसणार. दुसरं टोक कागद देतात: नोंदणी, विम्याची पावती, विकत घेतल्याचं बिल, तारीख घातलेला फोटो. त्या तारखेला गाडी होती, म्हणजे ती त्यानंतरची नाही. खरं साल या दोन टोकांच्या मधे असतं. आपलं काम ही टोकं जवळ आणत जाणं. एवढं डोक्यात ठेवलंस तर बाकी सगळं मी सांगितलं नाही तरी तुला सुचेल.

म्हणून मालकांच्या घरी गेल्यावर गाडीआधी अल्बम माग. जुन्या घरांत लग्नाचे, मुंजीचे, शिकारीचे फोटो असतात आणि दारात गाडी उभी असते. लग्नाची तारीख घरातल्या बायकांना बरोबर ठाऊक असते. मोठ्या वहिनींना विचार, आजींना विचार. पुरुष गाडीबद्दल पुष्कळ बोलतात, पण तारखा बायकांच्या लक्षात राहतात असा माझा अनुभव आहे. फोटोत पाटी वाचता आली तर भिंग लावून वाच. मडगार्ड, दिवे, रेडिएटरचा वरचा आकार आजच्यासारखेच आहेत का तेही बघ.

मग चेसिस. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवायचा. पुस्तकावर विसंबून राहायचं नाही. नंबराची जागा रॉकेलच्या फडक्याने हळू पुसायची. तारेचा ब्रश नको, पॉलिश पेपर तर मुळीच नको. वर कागद धरून पेन्सिल आडवी घासली की नंबर उमटतो. नोंदणीच्या तपासणीत चेसिसची पेन्सिल प्रिंट घेतात ती अशीच. डोळ्याला ३ दिसतो आणि कागदावर ८ उमटतो, असं कितीदा तरी होतं. टॉर्च समोरून मारू नकोस, बाजूने तिरका धर. अंकांची उंची, त्यांच्यातलं अंतर, ठोक्याची खोली बघ. कारखान्यात हाताने ठोकलेले अंकही थोडे वाकडे असतात, त्यामुळे वाकडेपणा म्हणजे लबाडी नव्हे. पण अंकांच्या आजूबाजूचा पत्रा घासून खाली गेलेला असेल, तर मात्र सावध व्हायचं.

मॉडेल एमध्ये आणखी एक अडचण आहे. इंजिनवरचा नंबर डाव्या बाजूला, पाणी आत जातं त्या जागेच्या वर, सहज दिसतो. फ्रेमवर तोच नंबर ठोकलेला असतो, पण त्याच्यावर बॉडी बसलेली असते. बॉडी सैल करून उचलल्याशिवाय तो वाचता येत नाही. सौदा होण्याआधी कुणी बॉडी उचलू देणार नाही, तसा हट्टही धरू नकोस. पुढे कधी बॉडी निघेल त्या दिवशी मात्र सगळ्यात आधी तो नंबर वाचायचा आणि कागदावर उतरवून घ्यायचा.

तू पाठवलेल्या फोटोत इंजिनच्या नंबराचं पहिलं अक्षर ग्रीसखाली झाकलंय. मला सगळ्यात जास्त उत्सुकता त्याच अक्षराची आहे. आपल्याकडे फोर्ड आल्या त्या मुख्यतः अमेरिकेतून नाही, कॅनडातून. ब्रिटिश साम्राज्यातल्या बऱ्याच देशांचा व्यापार कॅनडाच्या फोर्डकडे होता, आणि १९२६ साली हिंदुस्थानात फोर्डची कंपनी निघाली तीही कॅनडाच्या फोर्डची शाखा म्हणून. उजव्या हाताचं स्टिअरिंग तिकडूनच यायचं. अमेरिकन मॉडेल एचा नंबर नुसत्या 'ए'ने सुरू होतो, कॅनडाच्या गाडीचा 'सीए'ने. आणि कॅनडाची मोजणी वेगळी आहे. ती पहिल्यापासून स्वतंत्र चालली, आणि तिकडे गाड्या अमेरिकेपेक्षा फार कमी बनल्या, म्हणून शेवटपर्यंत आकडे लहानच राहिले. आता होतं काय, की कुणीतरी तो आकडा घेतो, पुढचं 'सी' सोडून देतो आणि अमेरिकन तक्त्यात शोधतो. लहान आकडा अमेरिकन तक्त्यात अगदी सुरुवातीला सापडतो. लगेच जाहीर होतं की गाडी १९२८ची, पहिल्या पहिल्या गाड्यांतली. मालकांचं १९२८ इथूनच आलं असावं असा माझा कयास आहे. तुझ्या फोटोत उजव्या हाताचं स्टिअरिंग स्वच्छ दिसतंय. ग्रीस पुसल्यावर 'सी' निघालं, तर अमेरिकन तक्ता मिटून ठेव.

एकट्या इंजिनवर मात्र भरवसा नको. इंजिन हा बदलायचाच भाग आहे. मॉडेल टीची गाडी १९२७मध्ये बंद झाली, पण तिची इंजिनं बदलीसाठी १९४१पर्यंत बनत होती. म्हणजे टीचं इंजिन सापडलं म्हणून ते १९२७च्या आधीचं असं होत नाही. टीच्या ब्लॉकवर ओतल्याची तारीख उठवलेली असते, तेवढी एक सोय. फोर्डचे बदलीचे ब्लॉक कोरे यायचे आणि विक्रेता त्यावर जुन्या इंजिनचा नंबर ठोकून द्यायचा. तो नंबर खरा, इंजिन नंतरचं. आपल्याकडे तर पन्नासच्या दशकात बाहेरून माल येणं आटल्यावर लोकांनी जे मिळेल ते बसवलं. मोठमोठ्या अमेरिकन गाड्यांत अॅम्बॅसॅडरची इंजिनं, मॅटाडोरची डिझेल इंजिनं बसली. त्या मिस्त्रींना मी नावं ठेवत नाही. त्यांनी ती इंजिनं घातली म्हणून गाड्या भंगारात न जाता आपल्यापर्यंत आल्या. पण त्या इंजिनला गाडीचं वय विचारता येत नाही.

आता चाकांकडे ये. १९२८ आणि २९च्या मॉडेल एला २१ इंची चाकं होती, १९३० आणि ३१ला १९ इंची. टायरवर आकडा लिहिलेला असतो, तो वाच. त्याच वेळी रेडिएटर उंच झाला, मडगार्ड रुंद झाले, आणि रेडिएटरच्या कवचाला व दिव्यांना निकेलऐवजी स्टेनलेस स्टील आलं. निकेल किंचित पिवळसर असतं आणि मुलामा उडाला की खालून गंजतं. स्टेनलेसवर पोचा असेल, गंज नसेल. १९३१च्या कवचावर वर आणि खाली रंग दिलेला खोलगट भाग असतो. डॅशबोर्डवरचा स्पीडोमीटर १९३०च्या मध्यापर्यंत लंबगोल, पुढे गोल. अगदी सुरुवातीच्या गाड्यांचं स्टिअरिंग व्हील तांबड्या रबराचं आणि हँडब्रेक डाव्या बाजूला, पण तो अमेरिकन डाव्या हाताच्या गाड्यांचा हिशेब आहे, तो तुझ्या गाडीला लावू नकोस.

यातल्या एकेका खुणेवर निकाल देऊ नकोस. चाकं पाच बोल्ट काढले की बदलतात. स्पीडोमीटर बाजारातून आणता येतो. बदलायला जितकं कठीण, तितकं त्याचं म्हणणं वजनदार. मडगार्ड आणि रेडिएटरचं कवच एकाच काळातले निघाले, बॉडीचा पुढचा भागही त्यांच्याशी जुळला, तर चाकांचं म्हणणं खरं धर. एकटी चाकंच वेगळं बोलत असतील, तर ती कधीतरी बदललीत.

स्क्रू बघायला विसरू नकोस. लोक हसतात, पण स्क्रू फार प्रामाणिक असतो, कारण त्याला खोटं करायचं कुणाच्या मनातच येत नाही. आपण ज्याला स्टार म्हणतो तो फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू मोटारीत आला १९३६च्या सुमाराला, कॅडिलॅकपासून. तीसच्या गाडीच्या दारात किंवा डॅशबोर्डात तो दिसला, की ते काम नंतरचं. त्याउलट चौकोनी खळग्याचा स्क्रू दिसला तर खूश हो. तो रॉबर्टसन स्क्रू, कॅनडातला. विंडसरच्या फोर्ड कारखान्यात लाकडी सांगाड्याच्या बॉडीला हेच स्क्रू वापरायचे. दारांच्या लाकडात, आतल्या कोपऱ्यात, गादी उचलून बघ. तिथे चौकोनी खळगे सापडले, तर 'सीए' अक्षरांना जोड मिळेल.

दुसरी एखादी गाडी बघायची वेळ आली तर तारखेच्या खुणा कुठे असतात ते माहीत असू दे. शेवरलेच्या ओतीव भागांवर महिन्याचं अक्षर, मग तारीख, मग सालाचा शेवटचा एक अंक असतो. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. सी-१५-८ म्हणजे १५ मार्च आणि आठवर संपणारं साल. १९३८, ४८ की ५८, ते इंजिनच्या घडणीवरून ठरवायचं. इंग्लिश गाडीत लुकासचा डायनॅमो, स्टार्टर, वायपर मोटर यांवर महिना आणि साल ठोकलेलं असतं. ट्रिप्लेक्सच्या काचेवरच्या शिक्क्यात अक्षरांजवळ ठिपके असतात, त्यावरून सालाचा शेवटचा अंक निघतो. हे सगळे भाग गाडीत बसण्याच्या काही दिवस ते काही महिने आधी बनलेले असतात. तेव्हा भागावरची तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी मागे असायला हवी. सगळे भाग १९३७च्या वसंतातले आणि एकटा डायनॅमो १९५२चा, तर डायनॅमो बदललाय. पण पाच भाग १९३७चे असताना कुणी गाडी १९३४ची म्हणत असेल, तर चूक सांगणाऱ्याची आहे.

लढाईनंतरच्या गाड्यांत डोळा जास्त फसतो. अमेरिकेत फेब्रुवारी १९४२मध्ये खासगी मोटारींचं उत्पादन थांबलं. लढाई संपल्यावर कंपन्यांनी १९४२चीच रूपं थोडी फिरवून पुन्हा आणली. म्हणून १९४६, ४७ आणि ४८च्या शेवरले बहिणी-बहिणींसारख्या दिसतात. १९४८च्या जाळीत मधोमध उभी पट्टी आहे, पण जाळी बदलता येते. नंबराची अक्षरं बघ: १९४६ला डीजे किंवा डीके, १९४७ला ईजे किंवा ईके, १९४८ला एफजे किंवा एफके. युद्धातल्या जीपमध्ये विलिस आणि फोर्ड अशा दोन जाती, आणि आपल्याकडे लष्कराच्या डिस्पोजलमध्ये विकल्या गेलेल्या जीपा इतक्या वेळा सुट्या होऊन पुन्हा जुळवल्या गेल्यात की एकीत दोन्ही सापडतात. रेडिएटरच्या खालची फ्रेमची आडवी दांडी गोल नळीची असेल तर फ्रेम विलिसची, उलट्या यू आकाराची असेल तर फोर्डची. विलिसच्या डॅशबोर्डावरच्या पट्टीवर सैन्याला गाडी दिल्याची तारीखच लिहिलेली असते. पट्टी चार स्क्रूंनी लावलेली असते, हे मात्र विसरू नकोस.

मुंबईत जुळवलेल्या गाड्यांना वेगळा डोळा लागतो. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८मध्ये कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. भाग बनणं आणि गाडी उभी राहणं यात समुद्र आहे, बंदर आहे, गोदाम आहे. अशा गाडीचं विक्रीचं साल मॉडेलच्या सालापुढे सरकलेलं असणं अगदी साधी गोष्ट आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या. त्यातली डॉज किंग्जवे अमेरिकेतल्या डॉजच्या पुस्तकात शोधलीस तर डोकं फिरेल, कारण ती निर्यातीसाठी प्लिमथच्या बॉडीवर केलेली डॉज. तिच्यासाठी प्लिमथचं पुस्तक उघडायचं.

पुढच्या भारतीय गाड्यांत तर दरवर्षीचं मॉडेल ही कल्पनाच नव्हती. अॅम्बॅसॅडर मार्क टू साठच्या दशकाच्या सुरुवातीला आली, मार्क थ्री १९७५ला, मार्क फोर १९७९ला. मधल्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्या बाहेरून सारख्याच. डुक्कर फियाट, मग १९६४ची डिलाइट, मग प्रेसिडेंट, आणि १९७४पासून पद्मिनी, असा फियाटचा क्रम. या गाड्यांचं साल जाळी आणि दिव्यांवरून काढायला जाऊ नकोस. चेसिस नंबर आणि पहिलं नोंदणी पुस्तक, दोनच आधार. सुदैवाने त्यांचे कागद बहुतेक वेळा शिल्लक असतात.

एवढं झाल्यावर पत्र लिहायचं. जुन्या कंपन्यांच्या नोंदवह्या जपणाऱ्या संस्था आहेत आणि त्या उत्तर देतात. फोर्डच्या कागदांसाठी डिअरबॉर्नचं बेन्सन फोर्ड संशोधन केंद्र आहे. मॉरिस, ऑस्टिनसारख्या इंग्लिश गाड्यांसाठी गेडनचा ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट, तो वहीतली नोंद पाहून प्रमाणपत्र देतो. इटालियन फियाटसाठी ट्युरिनमधला फियाटचा चेंत्रो स्तोरिको. रोल्स-रॉइसच्या चेसिस कार्डांसाठी इंग्लंडातल्या पॉलर्सपरीला रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लब. डेट्रॉइटच्या सार्वजनिक वाचनालयात मोटारींच्या इतिहासाचा मोठा संग्रह आहे. पत्रात नंबर लिही, पेन्सिल प्रिंटचा फोटो जोड, पण तुला कुठलं साल वाटतं ते लिहू नकोस. समोरच्याला उत्तर आधी सांगितलं की तोही तेच शोधायला लागतो. विचार एवढंच, की या नंबराची गाडी कोणत्या तारखेला तयार झाली आणि कुठे पाठवली.

उत्तर येईपर्यंत सालापुढे काय लिहायचं? जे सिद्ध होतं तेच. '१९३० ते ३१, कॅनडात बनलेली, मुंबई राज्यात १९४९ला नोंदलेली' असं लिहिलंस तर कुणी बोट ठेवणार नाही. '१९२८' लिहिलंस तर एखाद्या रॅलीत जाणता परीक्षक चाकांजवळ वाकून बघेल आणि पुढे तुझ्या दुसऱ्या कुठल्याही गाडीवर विश्वास ठेवणार नाही. साल मागे ओढायचा मोह का होतो ते मला कळतं. जगभरच्या क्लबांच्या वर्गवाऱ्या सालावर ठरतात. इंग्लंडच्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबची रेघ ३१ डिसेंबर १९३०ला आहे. लंडन ते ब्रायटन दौडीत १९०५च्या आधी बनलेल्याच गाड्या घेतात. रेघेच्या अलीकडची गाडी आणि पलीकडची गाडी यांच्या किमतीत फरक पडतो. पण १९३१ची मॉडेल ए ही काही कमी प्रतीची गाडी नव्हे. उलट तोवर पहिल्या वर्षांतल्या पुष्कळ उणिवा काढल्या गेल्या होत्या. मला विचारशील तर चालवायला मी तीच घेईन.

सरकारी बाजू वेगळी बघ. केंद्राच्या जुलै २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते ती पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी किंवा चारचाकीला. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती चालते दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. म्हणजे सरकार मोजतं नोंदणीपासून, क्लब मोजतात बनल्यापासून. तुझ्या फोर्डला १९४९ धरलं तरी ५० वर्षं केव्हाच होऊन गेलीत, त्यामुळे त्यासाठी साल मागे नेण्याची काडीइतकी गरज नाही. नियमात महत्त्व आहे ते मूळ स्वरूपाला. म्हणून गाडी घेतलीस तर लगेच डेंटिंग-पेंटिंगला टाकू नकोस. आधी प्रत्येक पट्टी, प्रत्येक नंबर, डॅशबोर्डच्या मागे आणि दाराच्या रबराखाली उरलेला मूळ रंग, सगळ्याचे फोटो काढ आणि कुठला फोटो कुठला ते त्याच दिवशी लिहून ठेव. फ्रेम वाळूच्या फवाऱ्याने साफ करणार असतील तर नंबराच्या जागेवर जाड टेप लावून घे आणि ते काम होईपर्यंत तिथून हलू नकोस. पुसट नंबर 'उजळून देतो' असं कुणी म्हणालं तर हात जोडून नाही म्हण. पुसट नंबर वाचायला मी येईन.

शनिवारी जाताना भिंग, टॉर्च, मऊ पेन्सिल, पातळ कागद, रॉकेलचं फडकं आणि मोजपट्टी घेऊन जा. चाक मोजताना पत्र्याची कड मोजू नकोस, टायर जिथे बसतो तिथला व्यास मोज. ते १९ इंच भरलं आणि नंबराआधी 'सी' निघालं, तर मला तिथूनच फोन कर.